मुंबई किती लांब?

माझी चुलत नात फ्रँकफर्टला शाळेत जाते. रविवारी तिचा बाप फोन लावून देतो आणि आम्ही दोघं मराठीत गप्पा मारतो. मराठी टिकावं म्हणून ही सोय, पण खरं सांगायचं तर त्यात माझंच मन जास्त रमतं. मागे एका रविवारी तिला शाळेतून गणित दिलं होतं. दोन विमानतळ घ्यायचे, त्यांच्यामधलं अंतर शोधायचं, विमानाला किती वेळ लागतो ते पाहायचं आणि सरासरी वेग काढायचा. तिने फ्रँकफर्ट आणि लंडनचं हीथ्रो घेतलं होतं. अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर, वेळ दीड-पावणेदोन तास. उत्तर बरोबर काढलं होतं. मग म्हणाली, "आजोबा, आता तुमच्या गावाचं सांगा. हेदवी ते मुंबई अंतर किती आणि वेळ किती?"

सवयीने मी उलट प्रश्न केला, "कुठल्या महिन्यात?"

ती हसायला लागली. तिला वाटलं आजोबा थट्टा करताहेत. अंतराला कुठे महिना असतो? पण मंडळी, मी थट्टा करत नव्हतो. माझ्या लहानपणी या गणितात महिना हा पहिला आकडा होता, किलोमीटर दुसरा. फोनवर तिला सगळं सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. घरातल्या मंडळींना यातलं काही ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. ती ओघात येईल.

आधी नकाशा. मुलांना भूगोल शिकवताना मी दोरा वापरायचो. नकाशावर एका गावावरून दुसऱ्या गावापर्यंत दोरा ताणून धरायचा आणि मग तो प्रमाणपट्टीला लावायचा. हेदवीपासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत असा ताठ दोरा धरला तर अंतर भरतं सुमारे १८० किलोमीटर. तोच दोरा सैल करून रस्त्याच्या वळणांवर बसवत नेला, म्हणजे हेदवीहून चिपळूण, तिथून खेड, कशेडी, महाड, माणगाव, पनवेल, तर तो ३०० च्या आसपास जातो. दोन्ही आकडे खरे. एक समुद्राचा, एक जमिनीचा. आणि आमच्या गावाचा गेल्या शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या दोऱ्याकडून दुसऱ्या दोऱ्याकडे जाण्याचा इतिहास आहे असं मला वाटतं.

ज्यांनी हेदवी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुहागर तालुक्यातलं हे गाव. दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ टेकडीवर आहे, त्यासाठी लोक लांबून येतात. पेशवाईच्या काळातली ही मूर्ती काश्मीरच्या पांढऱ्या पाषाणाची आहे असं परंपरेने सांगतात. काश्मीरहून हेदवीला मूर्ती आणायला किती महिने लागले असतील, याचा अंदाज मी सातवीच्या मुलांना करायला लावायचो. तीन आठवड्यांपासून तीन वर्षांपर्यंत उत्तरं यायची. खाली किनाऱ्यावर उमामहेश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळ खडकाला पडलेली अरुंद भेग, ती बामणघळ. भरतीला लाट त्या भेगेत घुसते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. आषाढात त्याचा आवाज वर वाडीपर्यंत येतो. उत्तरेला वेळणेश्वर, त्याच्याही पुढे गुहागर. दक्षिणेला रोहिले, तवसाळ आणि मग शास्त्री नदीची खाडी. खाडीच्या पलीकडे जयगड.

आज मुंबईहून गाडी घेऊन येणारा पाहुणा चिपळूणनंतर विचारायला लागतो, "अजून किती?" वळणावर वळणं येतात, डोंगर चढा, उतरा, आणि शेवटी समुद्र लागतो. त्याला वाटतं आपण जगाच्या टोकाला आलो. पण हे टोक नवं आहे. दोऱ्याची दिशा बदलली म्हणून ते टोक झालं. प्रवास समुद्रावरून होत होता तोवर आमचं गाव हमरस्त्यावर होतं!

जरा मागे जाऊन पाहा. आमच्या उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. आजच्या पिढीला दाभोळ म्हटलं की एन्रॉनचा वीज प्रकल्प आठवतो. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरचं मातबर बंदर होतं. इथून गलबतं थेट अरबस्तानात आणि इराणी आखातात जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी हिंदुस्थानात आला, चेऊलला उतरला, बीदरला राहिला आणि परत जाताना दाभोळला जहाजात बसून होर्मुझकडे गेला. म्हणजे त्या वेळच्या दाभोळकराला होर्मुझ ऐकून-पाहून माहीत असणार, आणि दिल्ली? दिल्ली खरोखरच दूर. वाऱ्याची दिशा ठरलेली, महिने ठरलेले. वारा अनुकूल असेल तेव्हा परदेश जवळ, नसेल तेव्हा शेजारचं बंदरही लांब.

जमिनीवरचं अंतर पायाने मोजायचं. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची हकीकत मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दापोली तालुक्यातल्या मुरुडचा सतरा वर्षांचा मुलगा सहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी पावसापाण्याचा, कुंभार्ली घाट चढून, चालत साताऱ्याला गेला. शंभराहून अधिक मैल. आणि तिथे परीक्षकांनी काय सांगितलं, तर तू वयाने लहान दिसतोस, बसता येणार नाही! मी ही गोष्ट वर्गात सांगायचो तेव्हा मुलं परीक्षकावर चिडायची. मला मात्र त्या परतीच्या वाटेचा विचार छळायचा. तेच मैल, तोच घाट, आणि हातात काही नाही.

मग आगबोटी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून कोकण किनाऱ्याने खाली जाणाऱ्या बोटी नियमित झाल्या आणि कोकणातला माणूस गिरण्यांकडे, गोदीकडे, पेढ्यांकडे निघाला. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणारे पण जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातले लोक एक लाखाहून अधिक होते. 'चाकरमानी' नावाची आमची जात त्या बोटींनी जन्माला घातली. रेल्वेचं म्हणाल तर पहिली गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली, दहा वर्षांत ती बोरघाट चढून पुण्यालाही जायला लागली, पण कोकणात सलग रेल्वे धावायला १९९८ साल उजाडलं. १४५ वर्षं. तोवर आमची रेल्वे म्हणजे आगबोट.

माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, मुंबईत मस्जिद बंदरला धान्याच्या एका पेढीवर दिवाणजी होते. हिशेबाचा माणूस. त्यांची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल. त्यात त्यांनी १९४९ पासूनच्या प्रत्येक प्रवासाची नोंद ठेवली आहे. कुठून किती वाजता निघालो, कुठे किती वाजता पोचलो, भाडं किती, हमाली किती. एक अक्षर जास्त नाही. माझ्या हाती असलेली इतिहासाची ही सगळ्यात भरवशाची साधनसामग्री. मोठमोठ्या ग्रंथांत प्रवासाला 'सुमारे एक दिवस' लागतो, भाऊंच्या वहीत तो अकरा तास वीस मिनिटं लागतो.

बोटीचा प्रवास मी स्वतः चार-पाच वेळा केला आहे. पहिल्यांदा केला तेव्हा सात वर्षांचा होतो. सकाळी भाऊचा धक्का. आधी वळकट्या आणि ट्रंका पुढे सारून डेकवर जागा धरायची, मग माणसांनी चढायचं. जागा धरण्यावरून भांडणं ठरलेली आणि बोट सुटल्यावर त्याच माणसांत दशम्या वाटून खाणंही ठरलेलं. 'चंपावती', 'रोहिदास' अशी बोटींची नावं, आणि माणसांच्या स्वभावासारखे बोटींचे स्वभाव. एक हलते फार, दुसरी संथ पण उशीर करणारी. आईला बोट लागायची. प्रवासभर ती डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून पडून असायची. डाव्या हाताला किनारा सतत दिसत राहायचा. आज मला वाटतं, आमच्या पिढीला कोकण एका ओळीत पाठ होतं ते त्यामुळे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. मुलांना बंदरांची नावं पाठ करायला लावताना मला कधी पुस्तक उघडावं लागलं नाही.

जयगडला बोट धक्क्याला लागत नसे. खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायची आणि भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे. रात्रीचे नऊ-साडेनऊ झालेले असायचे. वर बोटीचे दिवे, खाली काळं पाणी, आणि मध्ये हेलकावणाऱ्या पडावात खलाशी हात वर करून उभा. तो "सोड!" म्हणाला की बापाने पोर सोडायचं. मला सोडलं होतं. भाऊंनी माझा दंड सोडल्यापासून त्या खलाशाच्या हातात पडेपर्यंतचा वेळ वहीत नोंदलेला नाही, पण माझ्या हिशेबी तो मुंबई ते जयगड प्रवासातला सगळ्यात लांब भाग होता. मग होडीने खाडी ओलांडून तवसाळ, तिथे ओळखीच्यांच्या ओटीवर झोप, आणि पहाटे उठून रोहिल्यावरून दोन-अडीच तास चालत घर. सकाळी आठच्या आत आजीच्या पुढ्यात.

म्हणजे बोट चालू असताना मुंबई ते हेदवी एक दिवस आणि एक रात्र, तीही मुक्काम धरून. हे झालं नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की मे महिन्याअखेरपर्यंतचं गणित. पावसाळ्यात किनाऱ्यावरची बोट बंद. गणपती लवकर आले की पंचाईत, कारण बोटी अजून सुरू झालेल्या नसायच्या. समुद्र बंद झाला की तोच माणूस, तेच गाव, तीच मुंबई, पण अंतर एकदम तिपटी-चौपटीने वाढायचं. कधीकधी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड गाठायचं, तिथून रेल्वेने पुणे आणि मग मुंबई, असाही द्राविडी प्राणायाम लोकांनी केला आहे. उत्तरेला जायचं म्हणून आधी पूर्वेला डोंगर चढायचा.

आणि समुद्र नुसता बंद होत नसे, गिळतही असे. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तासा-दीड तासाचा प्रवास. बंदराच्या आतला मार्ग म्हणून पावसाळ्यातही चालू. वाटेत वादळात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण लहानपणी बोटीवर चढताना कुणीतरी म्हातारं माणूस हळूच 'रामदास' म्हणायचंच, आणि दुसरं कुणीतरी त्याला गप्प करायचं.

आता ती गोष्ट सांगतो.

१९६२ चा जुलै. आषाढी एकादशी होऊन गेली होती. मंगळवारी पहाटे आजी गेली, भाऊंची आई. मी अकरा वर्षांचा होतो. भाऊ मुंबईत. पाऊस असा की समोरचा माड दिसत नव्हता. मोठ्यांची ओटीवर थोडी कुजबुज झाली, पण निर्णय काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. थांबून उपयोग नव्हता. आबाकाकांनी, भाऊंच्या चुलतभावांनी, दुपारी अग्नी दिला. झावळ्यांचं छप्पर धरून, रॉकेल ओतून. त्याआधीच सकाळी वाडीतला एक गडी तार करायला गुहागरच्या वाटेला लागला होता. पायी.

ती तार भाऊंना बुधवारी दुपारी पेढीवर मिळाली. संध्याकाळच्या एसटीने ते निघाले. महाडला सावित्रीला पूर. गाडी थांबली. वहीत नोंद आहे: 'महाड, २६ तास.' एवढंच. पुढे चिपळूण, एक रात्र स्थानकावर. मग सकाळची गाडी जाईल तिथवर, आणि त्यापुढे फुगलेले वहाळ ओलांडत पायी. शनिवारी दिवेलागणीला ते अंगणात आले. मला तो क्षण स्वच्छ आठवतो. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. पाय धुतले, ओटीवर चढले आणि आजी बसायची त्या खांबाला हात लावून उभे राहिले. अस्थी गोळा करून झाल्या होत्या. गाडगं अंगणातल्या फणसाला टांगलेलं होतं, ते आबाकाकांनी हाताने दाखवलं.

भाऊ पुढे पस्तीस वर्षं जगले. या गोष्टीवर ते फारसे बोलले नाहीत, पण वर्षातून एकदा, बहुतेक श्राद्धाच्या दिवशी, एक वाक्य यायचंच. "दिवाळीत गेली असती तर बोटीने पोचलो असतो." वहीत त्या नोंदीच्या समासातही बारीक अक्षरात तेच आहे. 'बोट असती तर पोचलो असतो.' त्या वहीतलं हे एकमेव वाक्य, बाकी सगळे आकडे.

मी गणिताचाही तास घ्यायचो. एकदा, भाऊ असतानाच, मी ते गणित मांडून पाहिलं. समजा दिवाळी आहे, समुद्र शांत आहे, बोट चालू आहे. तार मिळाली बुधवारी दुपारी. त्या दिवशीची बोट सकाळीच सुटून गेलेली. म्हणजे गुरुवारी सकाळी भाऊचा धक्का, रात्री जयगड. रात्रीच खाडी ओलांडली आणि तवसाळला न थांबता कंदील घेऊन चालले, तरी घरी गुरुवारची मध्यरात्र. अग्नी मंगळवारी दुपारी दिला होता. ते पोचले नसतेच. बोट असती तरी नसते. आजी गेल्याची बातमीच त्यांच्यापर्यंत पोचायला दीड दिवस लागला होता आणि घरातलं माणूस ठेवायचं ते फार तर दुपारपर्यंत. पावसाळ्याचा, पुराचा, महाडच्या २६ तासांचा त्यात दोष नव्हता. माणूस कितीही वेगाने निघाला असता तरी बातमीच उशिरा निघालेली होती.

हे उत्तर मी भाऊंना कधी दाखवलं नाही. दाखवावं की नाही यावर खूप विचार केला. त्यांना बरं वाटलं असतं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही. ज्या पावसाला ते पस्तीस वर्षं बोल लावत होते तो काढून घेतला तर त्या जागी काय ठेवायचं? कागद फाडून टाकला. असो.

पुढचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो तुम्हालाही माहीत आहे. बोटी बॉम्बे स्टीमच्या होत्या त्या चौगुल्यांच्या झाल्या, मग मोगल लाइनने 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' चालवल्या, आणि १९८० च्या दशकाअखेर त्याही थांबल्या. रस्ते होत गेले, पूल होत गेले, एसटी वाडीच्या तोंडाशी आली. सगळ्यांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. आजारी माणसाला चिपळूणला न्यायला डोलीऐवजी गाडी मिळायला लागली, हे मी विसरलेलो नाही. पण रस्त्याने एक गोष्ट गुपचूप केली. आमच्या गावाचं तोंड फिरवलं. घराचं पुढचं दार समुद्राकडे होतं ते मागचं झालं. चिपळूण हा आमचा उंबरठा झाला. आणि जयगड, जिथे आम्ही बोटीतून उतरायचो, तवसाळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर घरं दिसतात ते जयगड, गाडीने जायचं तर एकदम परगाव झालं. कारण मोटार खाडीवरून चालत नाही. चिपळूण-संगमेश्वरकडून किंवा पुढे पूल झाल्यावर भातगावावरून मोठा वळसा घालून जायचं. माझ्या आजीची मावशी जयगडला दिली होती. त्या काळी दर सणाला येणं-जाणं. माझ्या मुलांच्या पिढीला जयगडला आपले नातेवाईक आहेत हेसुद्धा ठाऊक नव्हतं. मुंबई जवळ आली आणि मावशी लांब गेली.

१९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. चिपळूण ते मुंबई पाच-सहा तासांवर आलं. हेदवीकर मात्र चिपळूण स्थानकावर उतरून पुन्हा पन्नासेक किलोमीटर गाडी शोधत राहिला. खरी मौज पुढे झाली. २००३ साली दाभोळ ते धोपावे फेरीबोट सुरू झाली, मोटारी पोटात घेणारी. मागाहून तवसाळ ते जयगडही झाली. दहा-पंधरा मिनिटांत माणूस गाडीसकट पलीकडे. पहिल्यांदा तिच्यात बसलो तेव्हा तिकीट खिशात ठेवून दिलं, अजून आहे. ज्या पाण्यावरून भाऊ होडीने यायचे त्याच पाण्यावर मी मारुती गाडीत बसून होतो. आता रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात या खाडीवर पूलही आहे.

मधल्या काळात महाडच्या सावित्रीने पुन्हा एकदा आठवण करून दिली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिथला १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला आणि अंधारात दोन एसटी गाड्या आणि काही मोटारी पाण्यात गेल्या. त्यातली एक गाडी राजापूर-बोरिवली होती आणि दुसरी जयगड-मुंबई. बातमी ऐकली तेव्हा मी ती लाल वही काढली आणि '२६ तास' असलेलं पान उघडून बसलो. भाऊ १९६२ मध्ये ज्या नदीवर अडकल्याबद्दल आयुष्यभर हळहळले, तिने त्यांना निदान अलीकडे थांबवून ठेवलं होतं. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला, हेही सांगायला हवं.

२०१९ च्या नोव्हेंबरात माझा मोठा भाऊ, दादा, हेदवीच्या घरी गेला. बुधवारी पहाटे पाचला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्याच्या मुलाच्या फ्रँकफर्टच्या घरी फोन वाजला. तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. तार नाही, गुहागरला पायी जाणारा गडी नाही. तो म्हणाला, "काका, मी निघतो. थांबाल ना?" मी "थांबतो" म्हटलं. म्हणून तर टाकलं, मग वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली. किनाऱ्यावरच्या खारवी मंडळींनी मासळीसाठी आणलेल्या बर्फाच्या लाद्या विचारल्याशिवाय आणून दिल्या. रात्रभर आम्ही बसून होतो. बर्फ वितळून पाणी ओटीवरून अंगणात जात होतं आणि वाडीतली पोरं आळीपाळीने ते केरसुणीने लोटत होती.

तो गुरुवारी साडेअकराला अंगणात आला. फोनपासून तीस तास. फ्रँकफर्ट ते मुंबई साडेसहा हजार किलोमीटर, विमानाला लागले आठ तास. मुंबई ते हेदवी तीनशे किलोमीटर, गाडीला लागले साडेनऊ तास, कारण महामार्गाचं रुंदीकरण, वळणरस्ते, कशेडीत बंद पडलेला ट्रक. उरलेला वेळ तिकीट मिळवण्यात आणि विमानतळांवर. त्याने अग्नी दिला.

चार महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये, विमानं बंद झाली. जिल्ह्यांच्या हद्दीवर पास मागायला लागले. त्या वर्षी गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत, नाहीतर घरच्या पडवीत, दहा दिवस वेगळं राहावं लागलं. पोचूनही न पोचलेली माणसं. दादा नोव्हेंबरात गेला तो एप्रिलमध्ये गेला असता तर त्याचा मुलगा पडद्यावर बसून पाहत राहिला असता. नातीला मी "कुठल्या महिन्यात?" विचारलं ते यामुळेही.

दादाचे दिवस झाल्यावर पुतण्या परत जायला निघाला, त्याच्या आदल्या रात्री त्याने माझ्याकडे भाऊंची वही मागितली. आजोबांची वही त्याने लहानपणी पाहिलेली होती. खूप वेळ चाळत बसला. महाडच्या पानावर थांबला, समासातलं वाक्य वाचलं आणि विचारलं, "बोट असती तर खरंच पोचले असते का?"

मी त्याला ते गणित सांगितलं. भाऊंना न दाखवलेलं. पहिल्यांदाच मोठ्याने.

तो काही बोलला नाही. शेवटच्या नोंदीनंतर दोन पानं कोरी होती. त्याने पेन घेतलं आणि आजोबांच्या पद्धतीने, रकाने सांभाळून लिहिलं. 'फ्रँकफर्ट–मुंबई, ८ ता. मुंबई–हेदवी, ९ ता. ३० मि.' हमालीच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला कळेना. मी म्हटलं, बर्फ लिही.